न पाठवलेली वही : दोन क्वेकर मैत्रिणींची गोष्ट

आजची गोष्ट आहे अडीचशे वर्षांपूर्वीच्या फिलाडेल्फियातली. राजा-सेनापतींची नाही, सोळा वर्षांच्या दोन मुलींची. त्यांची मैत्री, त्यांची घरं, आणि त्या घरांच्या दाराशी येऊन उभं राहिलेलं युद्ध. या मुली ‘क्वेकर’ होत्या.

क्वेकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? ओट्सच्या डब्यावरचा तो हसरा, टोपीवाला म्हातारा! आपल्यापैकी निम्म्या घरांत त्याच ओट्सचा उपमा होत असेल. पण गंमत अशी, की त्या कंपनीचा आणि क्वेकर पंथाचा तसा काही संबंध नाही. या पंथाची माणसं सचोटीची म्हणून ओळखली जायची, म्हणून कंपनीने ते नाव उचललं. ब्रँडिंग म्हणजे काय, हे आम्हाला एमबीएला शिकवायच्या कितीतरी आधी लोकांना कळलं होतं, बरं का!

खरे क्वेकर म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये उभा राहिलेला एक ख्रिस्ती पंथ. जॉर्ज फॉक्स नावाच्या माणसाने सांगितलं, की देवाचा उजेड प्रत्येक माणसाच्या आत आहे. मग मध्ये पाद्री कशाला? त्यामुळे यांच्या प्रार्थनेला ना वेदी, ना भजन, ना प्रवचनकार. सगळे शांत बसतात. कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो उठून बोलतो. किंवा ती उठून बोलते. हे ‘ती’ फार महत्त्वाचं आहे. १६६६ मध्ये मार्गारेट फेल या क्वेकर बाईने, स्त्रियांना धर्मसभेत बोलण्याचा अधिकार आहे, असं ठणकावून सांगणारी पुस्तिका लिहिली. ती तेव्हा धर्मासाठी तुरुंगात होती.

आता एक गोष्ट, जी आजच्या इंग्रजी माणसाला समजावून सांगावी लागते आणि मराठी माणसाला चटकन कळते. त्या काळच्या इंग्रजीत आपल्यासारखंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळं होतं. मोठ्या माणसाला ‘यू’, बरोबरीच्याला किंवा खालच्याला ‘दाउ’ आणि ‘दी’. क्वेकरांनी ठरवलं, सगळ्यांना ‘तू’च म्हणायचं. न्यायाधीशाला ‘तू’, सरदाराला ‘तू’, नोकरालाही ‘तू’. विचार करा, आपल्याकडे कुणी कलेक्टरसाहेबांना “अरे, तू ये ना आत,” म्हणालं तर काय होईल? तसंच झालं. लोकांनी मार खाल्ला, तुरुंगवास भोगला, पण ‘तू’ सोडलं नाही. वारांची आणि महिन्यांची नावंही ते घेत नसत, कारण त्यांत जुन्या देवदेवतांची नावं होती. रविवार म्हणजे ‘पहिला दिवस’, सोमवार म्हणजे ‘दुसरा दिवस’. आपल्याकडे असते तर सोम, मंगळ, बुध, गुरू, सगळ्यांना सुट्टी मिळाली असती.

हे लोक १६८२ नंतर विल्यम पेनबरोबर मोठ्या संख्येने अमेरिकेत आले, आणि पेनसिल्व्हेनिया वसलं. फिलाडेल्फियाच्या व्यापारी वर्गात क्वेकर घराणी पुढे होती. अशा घरांत मुलींचं आयुष्य कसं होतं?

पहिली गोष्ट, त्या लिहा-वाचायला शिकत. बायकांना स्वतःच्या वेगळ्या मासिक सभा भरवायच्या होत्या, त्यांचं इतिवृत्त लिहायचं होतं, गरजूंना मदत वाटायची होती, तिचा हिशेब ठेवायचा होता. अक्षरओळख नसून चालणार कशी? मार्गारेट फेलची मुलगी सेरा हिने १६७३ ते १६७८ या काळात ठेवलेली घराच्या जमाखर्चाची वही आजही उपलब्ध आहे. शेतीचा खर्च, गड्यांची मजुरी, बहिणींसाठी आणलेल्या वस्तू, सगळं त्यात. दिवसभर स्प्रेडशीट बघणाऱ्या माझ्यासारखीला ती वही बघून घरच्यासारखं वाटलं!

दुसरी गोष्ट, या मुलींचं जग मैत्रिणींवर उभं होतं. फिलाडेल्फियाच्या एलिझाबेथ सँडविथचं उदाहरण घ्या. तिचे आणि तिची बहीण मेरीचे आईवडील ऐन तारुण्यातच गेले. दोघी बहिणी परिचितांच्या घरी राहू लागल्या. १७५८ पासून एलिझाबेथने जी रोजनिशी धरली, ती जवळजवळ पन्नास वर्षं, १८०७ पर्यंत लिहिली. तिच्या सुरुवातीलाच काय आहे? विणकाम-भरतकामाची यादी! कुणासाठी कसला बटवा केला, कुणाला काय शिवून दिलं, त्याची नोंद. आणि मग रोजच्या भेटीगाठी. आज हिच्याकडे चहा घेतला, उद्या ती आली, संध्याकाळी अमक्या-तमक्या जमल्या. वाचणाऱ्याला कंटाळा येईल इतकं साधं. पण आईवडील नसलेल्या दोन मुलींना त्या शहरात आधार कशाचा होता, तर या चहाच्या भेटींचा. आपल्या आज्या-पणज्यांचं हळदीकुंकू वरवर पाहिलं तर असंच साधं दिसतं. आत काय काय चालायचं, ते जाणाऱ्या बाईलाच ठाऊक.

१७६१ मध्ये एलिझाबेथने हेन्री ड्रिंकर या व्यापाऱ्याशी लग्न केलं. मेरीने लग्न केलं नाही, ती बहिणीबरोबर त्याच घरात आली आणि तिने तिथला सगळा कारभार हातात घेतला. म्हणून तर एलिझाबेथला लिहायला वेळ मिळाला. एकीच्या वहीमागे दुसरीचे हात होते.

क्वेकर लग्नाचीही एक रीत सांगते. लग्न लावायला पाद्री नाही. वधूवर सर्वांसमोर उभे राहून एकमेकांना वचन देतात, आणि मग तिथे हजर असलेले सगळे त्या दाखल्यावर सह्या करतात. बायकासुद्धा. म्हणजे जिच्याबरोबर शाळेत गेलो, तिचं नाव आपल्या लग्नाच्या कागदावर! त्याआधी बायकांच्या सभेने नेमलेल्या दोघीजणी मुलीकडे जाऊन चौकशी करत, ती कुणा दुसऱ्याला शब्द देऊन तर बसली नाही ना. म्हणजे आधारही याच बायकांचा, आणि नजरही यांचीच. पंथाबाहेर लग्न केलं तर सदस्यत्व जाई. अमेरिकेच्या ध्वजाशी जिचं नाव जोडलं जातं ती बेट्सी रॉस मूळची क्वेकर. १७७३ मध्ये तिने दुसऱ्या पंथाच्या जॉन रॉसशी लग्न केलं आणि तिला बाहेर पडावं लागलं.

हे लक्षात ठेवा, कारण आता आपल्या दोन मुली येतात.

सॅली विस्टर आणि डेबोरा नॉरिस. दोघींचा जन्म १७६१ चा. दोघी फिलाडेल्फियात अँथनी बेनेझेट या शिक्षकांकडे शिकायला होत्या. हे बेनेझेट मोठा माणूस. मुलींना नीट शिकवलं पाहिजे असं मानणारे, आणि गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर लिहिणारे. १७७० मध्ये त्यांच्याच प्रयत्नांतून शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा निघाली. अशा गुरूच्या हाताखालच्या या मुली. डेबोराला सगळे डेबी म्हणत. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. शाळा सुटल्यावर तिने घरच्या पुस्तकांवर स्वतःचं शिक्षण पुढे चालू ठेवलं.

डेबीचं घर सरकारी सभागृहाला लागूनच होतं, ज्याला आपण आज इंडिपेंडन्स हॉल म्हणतो. ८ जुलै १७७६ ला तिथल्या अंगणात स्वातंत्र्याचा जाहीरनामा पहिल्यांदा लोकांसमोर वाचला गेला, तेव्हा चौदा वर्षांची डेबी आपल्या बागेच्या भिंतीपाशी उभी राहून ऐकत होती. वाचणारा तिला दिसत नव्हता, फक्त आवाज येत होता. शाळेच्या सहलीला आपली मुलं त्या हॉलमध्ये जातात, फोटो काढतात. पुढच्या वेळी गेलात तर शेजारच्या भिंतीपलीकडच्या या मुलीची आठवण काढा.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १७७७ मध्ये, ब्रिटिश सैन्य फिलाडेल्फियाच्या रोखाने निघालं. क्वेकरांची तेव्हा दोन्हीकडून कोंडी झाली. त्यांचा धर्म सांगतो, शस्त्र हातात घ्यायचं नाही. मग बंडखोर अमेरिकनांना वाटे, हे राजाचे हस्तक. शहरातल्या वीसेक प्रमुख माणसांना, त्यांतले बहुतेक क्वेकर, खटला न चालवताच पकडून दूर व्हर्जिनियात विंचेस्टरला पाठवण्यात आलं. एलिझाबेथचा नवरा हेन्री ड्रिंकर त्यांत होता.

सॅलीच्या वडिलांनी, डॅनियल विस्टर यांनी, आपलं कुटुंब शहराबाहेर सुमारे पंधरा मैलांवर पेनलिनजवळच्या एका शेतघरात हलवलं. घर फोक नावाच्या नात्यातल्या कुटुंबाचं. कामानिमित्त मी त्या भागातून गाडीने जाते, तेव्हा पेनलिनची पाटी दिसते. आज शहरातून तासाभराच्या आतला रस्ता. पण तेव्हा? डेबी शहरात, सॅली शेतावर, मध्ये दोन सैन्यं. पत्र पाठवायचा मार्गच बंद.

सॅलीने काय केलं, ऐका. तिने कागद शिवून छोटी वही केली आणि २५ सप्टेंबर १७७७ ला लिहायला घेतलं. कुणासाठी? डेबीसाठी. पत्र धाडता येत नाही ना, मग रोजचं सगळं लिहून ठेवते, भेटू तेव्हा तू वाच, असा सगळा बेत. पानोपानी ती डेबीशी बोलते. आणि तिला ‘तू’ म्हणते. धर्माने सांगितलेलं ‘तू’ आणि मैत्रिणीचं ‘तू’ दोन्ही एकच होऊन जातं. मराठीत वाचताना तर ते फारच जवळचं वाटतं.

दुसऱ्याच दिवशी, २६ सप्टेंबरला, ब्रिटिश फौज फिलाडेल्फियात शिरली. ४ ऑक्टोबरला जर्मनटाउनची लढाई झाली. जर्मनटाउनमध्ये सॅलीच्या आजोबांचं घर होतं. आणि त्याच महिन्यात शेतघरावर अमेरिकन सैन्याचे अधिकारी मुक्कामाला आले. मेरीलँडचे जनरल स्मॉलवुड, त्यांचे सहकारी, बाहेर पहारेकरी, घोडे. शांतिवादी घरात सेनापतीचा तळ! सॅली आधी घाबरली. मग पाहुणे सभ्य निघाले, आणि तिची भीती पळाली. पळाली कसली, तिच्या जागी वेगळीच धडधड आली.

सोळा वर्षांची मुलगी ती. कुणी आलं तेव्हा आपण घरातलाच हिरवा घागरा आणि गडद आखूड झगा घालून होतो, याची तिला चुटपुट लागते. मग ती छान आवरून बसते. पुढे उन्हाळ्यात एकदा कुठला पोशाख केला ते डेबीला सविस्तर सांगते, त्यात फिक्या ‘चिंट्झ’चा झगा आहे. हा शब्द आपला, मंडळी. छीट! हिंदुस्थानातल्या छापील सुती कापडाचं नाव इंग्रजीत गेलं, तिथून पेनसिल्व्हेनियाच्या शेतावर. आणि क्वेकर म्हणजे राखाडी, बिनरंगी कपडे असं आपण चित्रात बघतो ना, ते सगळ्यांच्या बाबतीत खरं नव्हतं. मार्गारेट फेलनेच म्हातारपणी बजावलं होतं, की सगळ्यांनी एका रंगाचे कपडे घालण्यात धर्म नाही.

घरात वाचन चाले. एकदा पुस्तकं आणि बायकांची मासिकं हाती येतात, त्यांत फील्डिंगची ‘जोसेफ अँड्रूज’ ही कादंबरी. कडक क्वेकरांना कादंबऱ्या वर्ज्य, पण मुलींची नुसती चंगळ! शिवण, विणकाम, इस्त्री, धाकटी बहीण बेट्सी, त्या घरातली लिडी, शेजारी जाणं-येणं, आणि संध्याकाळी बैठकीत अधिकाऱ्यांशी गप्पा. कोण देखणा, कोण बढाईखोर, कोण लिडीकडे बघतो, सगळं डेबीला कळलंच पाहिजे.

त्यात मेजर स्टॉडर्ट होता. जनरलचा भाचा, वय जेमतेम अठरा-एकोणीस, आणि इतका लाजाळू की आधी मान वर करायचा नाही. हळूहळू तो बोलू लागला. मग सैन्य पुढे गेलं, तोही गेला. डिसेंबरमध्ये तो परत आला तेव्हा आजारी, फिकट, पार उतरलेला. थंडीत उघड्यावर राहून ताप घेऊन आला होता. काही दिवसांपूर्वी हसत-खेळत गेलेला मुलगा. त्याच सुमारास लांबून तोफांचे आवाज येत होते. या पानांवर सॅलीचा खट्याळपणा एकदम कमी होतो. युद्ध म्हणजे गणवेश आणि गप्पा एवढंच नाही, हे त्या मुलीला त्या चेहऱ्यावरून कळलं. तिच्या पंथाने शंभर वर्षं सभांमधून जे सांगितलं होतं, ते तिला तापलेल्या एका मुलाने शिकवलं.

पण हसण्याची जागाही होती. टिली नावाचा एक फुशारकी मारणारा अधिकारी होता. घरात ब्रिटिश शिपायाचं रंगवलेलं लाकडी चित्र होतं, माणसाच्या उंचीचं. मंडळींनी ते रात्री दाराशी उभं केलं, हातभर अंतरावर कंदील, आणि मागून एकजण दरडावून विचारतो, इथे बंडखोर अधिकारी आहेत का? टिलीसाहेब बिनटोपीचे, केस मोकळे, बर्फाळ रात्री शेतं आणि ओढे तुडवत पळत सुटले! शत्रू निघाला लाकडाचा. सॅलीने हे इतकं रंगवून लिहिलंय, की डेबी वाचताना कशी हसेल ते डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलं असणार.

आता त्याच हिवाळ्यातलं शहरातलं दुसरं घर बघा. ड्रिंकरांचं. नवरा विंचेस्टरला कैदेत. घरात एलिझाबेथ, मेरी आणि मुलं. डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेजर क्रॅमंड राहायला जागा मागत आला. दोघी बहिणी टाळत राहिल्या, शेवटी घ्यावं लागलं. त्याचे नोकर, त्याची जनावरं, त्याच्या रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या जेवणावळी! म्हणजे शेतावर अमेरिकन अधिकारी, शहरात ब्रिटिश, आणि दोन्हीकडे घर सांभाळतायत क्वेकर बायकाच.

एप्रिल १७७८ मध्ये एलिझाबेथ आणि तिच्या तीन सोबतिणी, सगळ्यांची माणसं कैदेत, घोडागाडीतून निघाल्या आणि थेट व्हॅली फोर्जला वॉशिंग्टनच्या छावणीत पोचल्या. वॉशिंग्टन भेटले, जेवण दिलं, मार्था वॉशिंग्टनही भेटल्या. सुटका आपल्या हातात नाही म्हणाले, पण पुढे लँकेस्टरला जाण्याचा परवाना दिला. त्या महिन्यात कैदी घरी परतले. दोघे मात्र तिकडेच वारले होते. एकीने एकटीने हे धाडस केलं असतं असं मला वाटत नाही. त्या चौघी होत्या. धर्मप्रचाराला निघणाऱ्या क्वेकर बायकाही एकट्या जात नसत, बरोबर सोबतीण असे. इथे त्याच सवयीचा उपयोग झाला.

युद्ध संपत आलं तरी त्रास सुटला नाही. ऑक्टोबर १७८१ मध्ये ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करल्याची बातमी आली, शहरात दिव्यांची रोषणाई झाली. क्वेकरांनी दिवे लावले नाहीत, कारण युद्धातल्या विजयाचा उत्सव त्यांना मान्य नव्हता. जमावाने त्यांच्या खिडक्या फोडल्या. एकट्या ड्रिंकरांच्या घराच्या सत्तरेक काचा फुटल्या. अ‍ॅना रॉल या तरुण क्वेकर मुलीने त्या रात्रीची हकीकत आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय या घरांचं चित्र पुरं होणार नाही. या मुलींना लिहायला, चहाला जायला जो वेळ होता, तो दुसऱ्या कुणाच्या कष्टांतूनही येत होता. स्वयंपाक, पाणी, धुणं, लाकडं, यासाठी नोकर होते, आणि बऱ्याच क्वेकर घरांत गुलामही होते. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७५८ मध्ये गुलामांच्या खरेदी-विक्रीविरुद्ध पाऊल उचललं, आणि १७७६ मध्ये, म्हणजे सॅलीच्या वहीच्या अगदी आदल्या वर्षी, गुलाम बाळगणाऱ्याला सदस्य राहता येणार नाही असं ठरवलं. डेबी पुढे लग्न होऊन स्टेंटन या लोगन घराण्याच्या वाड्यात गेली. तिथे डायना नावाची स्त्री होती, त्याच वर्षी गुलामगिरीतून मुक्त झालेली. घराण्यात सांगत आलेली गोष्ट अशी, की ब्रिटिश शिपाई घर जाळायला आले आणि गवत आणायला कोठारात गेले. तेवढ्यात पळपुटे शिपाई शोधणारा अधिकारी आला. डायना म्हणाली, दोघं त्या कोठारात आहेत! त्याने त्यांनाच पकडून नेलं. घर वाचलं. तिने स्वतः लिहिलेली वही आपल्याकडे नाही. कुणाच्या मैत्रीला कागद मिळाला आणि कुणाच्या नाही, हेही इतिहास वाचताना ध्यानात ठेवावं.

१८ जून १७७८ ला ब्रिटिशांनी फिलाडेल्फिया सोडलं. २० जूनला सॅलीने वही बंद केली. आता परत शहरात जायचं, डेबीला भेटायचं! दोघी पुन्हा एका गावात आल्या.

पण ती वही सॅलीने हयातीत डेबीला दिली नाही.

सॅलीने लग्न केलं नाही. स्टॉडर्ट असो की आणखी कुणी, सैनिकाशी लग्न म्हणजे पंथातून बाहेर पडणं, हे तिला ठाऊक होतं. पुढे ती जर्मनटाउनच्या घरी राहिली, आईची सोबत केली, कविता लिहिल्या, धर्मचिंतनाची वेगळी वही लिहिली. त्या वहीत टिली नाही, छीट नाही. १८०४ मध्ये आई गेली आणि त्याच वर्षी बेचाळीस वर्षांची सॅलीही गेली.

डेबीने १७८१ मध्ये डॉक्टर जॉर्ज लोगनशी लग्न केलं. संसार, मुलं, शेती, येणारे-जाणारे मोठे पाहुणे, सगळं सांभाळलं. आणि एक असं काम केलं, ज्यासाठी इतिहासाचे अभ्यासक आजही तिचं नाव घेतात. स्टेंटनमध्ये विल्यम पेन आणि जेम्स लोगन यांची जुनी पत्रं धूळ खात, कुरतडलेली पडली होती. तिने पहाटे उठून, घर जागं व्हायच्या आत, ती हजारो पानं स्वतःच्या हाताने उतरवून काढली. १८२७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या इतिहास मंडळाने तिला मानद सदस्य केलं, तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. १८१५ पासून १८३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिने रोजनिशीही लिहिली. सतरा खंड भरले.

आणि मग, सॅली जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर, सॅलीच्या भावाने, चार्ल्सने, ती जुनी वही डेबीला वाचायला आणून दिली. सोळा वर्षांच्या मैत्रिणीने सोळा वर्षांच्या डेबीला लिहिलेलं, वाचणारी मात्र आता आजीबाई झालेली. पुढे १९०२ मध्ये ती वही पूर्ण स्वरूपात पुस्तक म्हणून छापली गेली, आणि आज कुणालाही वाचता येते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातलं घरगुती जीवन समजून घेणारे तिच्याकडे हमखास वळतात.

मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं. आपण घर म्हणतो तेव्हा भिंती, स्वयंपाकघर, आईवडील, नवरा, मुलं इतकंच डोळ्यांसमोर आणतो. या मुलींची घरं तर सारखी हलत होती. कुणाचे आईवडील गेले, कुणाचं घर सैन्याने व्यापलं, कुणाचा नवरा कैदेत. तरी त्या उन्मळून पडल्या नाहीत, कारण त्यांच्या घराचा एक खांब घराबाहेर होता. जिला सगळं सांगायचं, ती मैत्रीण. सॅलीला नऊ महिने एक अक्षर पोचवता आलं नाही, पण डेबी ऐकते आहे एवढ्या भरवशावर ती परक्या घरात, तोफांच्या आवाजात, स्वतःसारखी राहिली. तो भरवसा हेच तिचं घर होतं, असं मी म्हणेन.

आपल्या लोकांना हे सांगायला नको. प्रोजेक्ट बदलतो, व्हिसा बदलतो, दोन वर्षांत गाव बदलतं. आपण शाळेचं रेटिंग बघतो, घराचा हप्ता बघतो, जवळ मराठी मंडळ आहे का तेही बघतो. पण आपल्या मुलीची डेबी मागच्या गावात राहिली, याचा हिशेब आपण कुठल्या रकान्यात मांडतो? माझी मुलगी आठवीत आहे, तिसरी शाळा. तिच्या फोनमध्ये पहिल्या गावच्या मैत्रिणीशी रोज काहीतरी चालू असतं. मी पूर्वी म्हणायचे, पुरे आता, इथल्या मुलींशी बोल. सॅलीची वही वाचल्यापासून मी थोडी गप्प बसते. आणि आपल्या आईच्या पिढीतल्या, इथे मुलाकडे येऊन राहिलेल्या बायकांचं काय? तिकडच्या चाळीतली, कॉलनीतली त्यांची मैत्रीण त्यांच्या मनात रोज असते, फक्त आपण नाव विचारत नाही.

तर या आठवड्यासाठी एक छोटं काम. घरातल्या प्रत्येक बाईला, आजीपासून नातीपर्यंत, एक प्रश्न विचारा : तुझी डेबी कोण? नाव सांगतील, गोष्टही सांगतील. आणि ती मैत्रीण अजून आहे, फोन नंबर आहे, तर लावून द्या फोन. आपल्याकडे तर मध्ये सैन्य उभं नाही, फक्त दोन देशांची घड्याळं जुळवायची आहेत.

तुमच्या घरातल्या मैत्रीच्या गोष्टी आम्हाला लिहून पाठवा, आपण पुढच्या एखाद्या भागात त्या वाचू. तोवर काळजी घ्या, मराठीत बोलत राहा. नमस्कार!